मिस्टर लाऊंचा आवाज

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. वसईला आमच्या वाडीत विहिरीजवळच्या चिंचेवर कोण बसतं याच्या कहाण्या चालायच्या, तेव्हा मी मुद्दाम त्याच चिंचेखाली बसून एसएससीचा अभ्यास केला. चर्चला जातो, प्रार्थना करतो, पण सावल्या, आवाज, भास... छे. या सदरातले तुमचे अनुभव वाचतानासुद्धा माझं निम्मं लक्ष ‘याचं साधं कारण काय असेल’ तिकडेच असतं.

तरी आज स्वतःच लिहायला बसलोय. एकच विनंती — मला चांगला माणूस समजून वाचू नका. जे घडलं ते माझ्यासारख्याच्या बाबतीत का घडलं, हाच तर माझा प्रश्न आहे.

साल १९९५. मी अबुधाबीत एका इंजिनिअरिंग कन्सल्टंट कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे इंजिनिअर लोकांनी केलेली ड्रॉइंग्ज घ्यायची, त्यांवर तारखेचा शिक्का मारायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि साइटवर वेळेत पोचवायचं. काम किरकोळ वाटतं. पण नवं ड्रॉइंग वेळेवर गेलं नाही तर साइटवाले जुन्याप्रमाणे बांधून मोकळे होतात, आणि काँक्रीट काही खोडरबराने पुसता येत नाही.

घरी बायको ज्युली आणि दोन वर्षांची मुलगी, अनिता. इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक फ्लॅट आम्ही आणि एका गोवेकर कुटुंबाने मिळून घेतला होता. किचन एकच, पाळ्या लावलेल्या. तिघांचेही व्हिसा माझ्या नोकरीवर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी स्वतःला हेच कारण देणार आहे.

माझ्या समोरच्या टेबलावर मिस्टर लाऊ बसायचे. हाँगकाँगचे स्ट्रक्चरल इंजिनिअर, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काडी, जाड भिंगांचा चष्मा, आणि दर अर्ध्या तासाला जिन्यात जाऊन सिगारेट. आवाज घोगरा. बोलताना मध्येच एखाद्या शब्दावर तो आवाज अडकायचा, गिअर नीट न पडल्यासारखा, आणि मग पुढे सरकायचा. फोनवर ‘हॅलो’ म्हटलं तरी ओळखू यावा असा.

अल ऐनला आमच्या कंपनीच्या एका शाळेच्या इमारतीचं काम चालू होतं. दर मंगळवारी लाऊंना साइटवर जावं लागे. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ते चार वेळा नापास झाले होते, त्यामुळे मी ड्रॉइंग्ज घेऊन गाडी चालवायचो आणि ते शेजारी बसायचे. दीड तास जायला, दीड तास यायला. त्या तीन तासांत आमची दोस्ती झाली.

एकदा आमच्या पुढे एक पिकअप चालली होती. मागे एक उंट पाय दुमडून बसवलेला, दोऱ्यांनी बांधलेला. उंटाने मान वळवली आणि अगदी साहेबासारखं, पापण्या अर्ध्या मिटून, लाऊंकडे पाहिलं. पाहतच राहिला. लाऊंनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, “म्यू बाट हो यिन.”

“काय?” मी विचारलं.

“कँटोनीज आहे. म्यू म्हणजे अद्भुत. बाट हो म्हणजे शक्य नाही. यिन म्हणजे बोलणं. इतकं अद्भुत की बोलता येणार नाही.”

“आमच्यात पण म्हणतात. शब्दच नाहीत, असं.”

“हो, पण तुम्ही लोक ते म्हणता आणि पुढे अर्धा तास बोलता,” लाऊ म्हणाले. “आम्ही हे म्हणतो आणि गप्प बसतो.”

आणि खरंच, साइट येईपर्यंत ते गप्प बसले.

मी ते शिकायचा बराच प्रयत्न केला. शेवटचं ‘यिन’ खालच्या सुरात उतरायला हवं, पायरी उतरल्यासारखं. माझं ते वरच राहायचं. वरच्या सुरात यिन म्हणजे धूर, सिगारेट. “टोनी, तू आत्ता अद्भुत सिगारेट म्हणालास,” असं म्हणून ते खोकला येईपर्यंत हसायचे.

एका शुक्रवारी मी त्यांना घरी जेवायला आणलं. ज्युलीने गावाहून आलेले सुके बोंबील तळले होते. गोवेकरीण वासाने वैतागून खिडक्या उघडत होती, आणि हा माणूस दारातच बूट काढता काढता थांबला. नाक वर करून उभा. म्हणाले, त्यांची आई खारवलेली मासळी तळायची तेव्हा असाच वास यायचा. टेबलावर बसल्यावर पहिला तुकडा तोंडात घातला, चष्मा काढून ठेवला, आणि तेच चार शब्द. मग जेवण संपेपर्यंत अवाक्षर नाही. ज्युली घाबरून मला मराठीत विचारत होती, “अरे, आवडलं नाही का यांना?”

जाताना मात्र ते मोकळेपणी बोलले. हाँगकाँग लवकरच चीनकडे जाणार होतं, पुढे काय होईल कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला इकडे आणायचं ठरलं होतं. एका बेडरूमचा फ्लॅट पाहून ठेवला होता, पडदेसुद्धा घेतले होते. “या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार?” ते ज्युलीला म्हणाले. “पण ही आहे. ही पुरेशी आहे.”

आता मी काय केलं ते सांगतो.

९६ सालच्या ऑक्टोबरमधला बुधवार. दुपारी तीनच्या सुमारास लाऊंनी एक सुधारलेलं ड्रॉइंग माझ्या टेबलावर ठेवलं. जिन्यासाठी स्लॅबमध्ये जी जागा मोकळी सोडायची, ती बदलली होती. वर पिवळ्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात — ‘टोनी, आजच साइटला फॅक्स कर. शनिवारी काँक्रीट आहे.’ मी हो म्हणालो, शिक्का मारला, रजिस्टरमध्ये बुधवारची तारीख टाकली. आणि ड्रॉइंग ट्रेमध्ये ठेवलं. त्या दिवशी ज्युलीचा वाढदिवस होता. केक घ्यायचा होता, पार्किंग मिळणार नव्हतं... मी चारला निघालो. गुरुवारी मी रजा घेतली होती, शुक्रवारी सुट्टी. शनिवारी दुपारी ट्रे आवरताना ते ड्रॉइंग हाताला लागलं, तेव्हा अल ऐनला स्लॅब ओतून झाला होता. जुन्या ड्रॉइंगप्रमाणे.

नवा स्लॅब फोडावा लागणार होता. मॅनेजरने सोमवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. माझ्याकडे रविवारचा पूर्ण दिवस होता. त्या दिवशी मी रजिस्टरचं ते पान काढलं — सुट्या पानांची फाइल होती — आणि नवं लिहिलं. बुधवारच्या जागी शनिवार. ड्रॉइंगची नवी प्रिंट काढून तिच्यावर शनिवारचा शिक्का मारला. पिवळी चिठ्ठी आणि जुनं पान श्रेडरमध्ये घातलं. हात थरथरले वगैरे नाहीत. मला वाटत राहिलं, तिघांचे व्हिसा, तिघांचे व्हिसा.

मीटिंगमध्ये लाऊ शांतपणे म्हणाले, “मी ड्रॉइंग बुधवारी दिलं होतं. टोनीला विचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “सर, रजिस्टरमध्ये शनिवार आहे.”

बघा, वाक्य खोटं नव्हतं. रजिस्टरमध्ये शनिवारच होता. कितीतरी दिवस मी हा खुळखुळा स्वतःपुढे वाजवत राहिलो.

लाऊंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. वाद नाही, आरडाओरडा नाही. महिन्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. जाताना ऑफिसात सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता, ताप असल्यासारखा.

नाताळात हाँगकाँगहून कार्ड आलं. बर्फातलं घर, आणि आत ‘टोनी, ज्युली आणि लहान अनिताला शुभेच्छा’. खाली पत्ता आणि फोन नंबर. टोमणा नाही, काही नाही. मी ते ड्रॉवरमध्ये पासपोर्टांच्या खाली सारलं. ज्युलीला म्हणालो, त्यांना तिकडे चांगली नोकरी लागली. उपवासकाळात पापनिवेदनाला गेलो तेव्हा फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “देवाकडे तू आलास, चांगलं केलंस. आता त्या माणसाकडे जा.” मी मान डोलावली. फोन केला नाही.

आणि मग १९९८चा जानेवारी.

शुक्रवार होता. अनिता आता जवळजवळ पाच वर्षांची, के.जी.त जायची, आमच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं द्यायची. अल ऐनचं प्राणिसंग्रहालय बघायचं म्हणून तिने आठवडाभर डोकं खाल्लं होतं. चर्चची मिस्सा संध्याकाळची करू असं ठरवून आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. ज्युली माझ्या शेजारी. अनिता मागच्या सीटवर आडवी, लाल जॅकेट पांघरून झोपलेली. ती उठू नये म्हणून ज्युलीने कॅसेट प्लेअर बंद केला होता. चारही काचा वर.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. हिवाळ्यात तिकडे धुकं पडतंच, पण हे असं होतं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. दुभाजकावरची झाडं गेली, रस्त्याच्या पट्ट्या गेल्या. पुढे एका पिकअपचे दोन लाल दिवे तेवढे दिसत होते. मी त्यांना धरून चाललो होतो. ऐंशीचा वेग असेल. कमी करायला हवा होता, मान्य. पण दिवे हरवले तर मग काहीच उरणार नाही, अशी भीती वाटत होती.

ज्युली म्हणाली, “जरा हळू ना.”

“त्याच्या मागेच राहतो,” मी म्हणालो.

तेवढ्यात कुठूनतरी ऊन आत शिरलं. ढगातून विमान जाताना होतं तसं सगळं धुकं आतून उजळलं. वर, खाली, चहूकडे एकच पांढरं सोनं, आणि आम्ही त्याच्या मधोमध लटकलेलो. लाल दिवेसुद्धा त्या उजेडात पुसले गेले. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि माझ्या उजव्या कानामागे, दोन सीटांच्या मधून, कोणीतरी म्हणालं,

“म्यू... बाट... हो... यिन.”

आठवण आली, असं नाही. मनात उमटलं, असंही नाही. ऐकू आलं. घोगरा आवाज, ‘हो’वर अडकलेला, आणि मग ते ‘यिन’ खाली उतरलं... अगदी बरोबर, मला जे कधीच जमलं नाही तसं. मानेला श्वास लागल्यासारखा झाला.

माझा पाय अॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. मी गाडी उजवीकडे घेतली, रस्त्याच्या बाहेर, वाळूत. थांबवली.

“टोनी? काय झालं? टोनी!” ज्युली मला हलवत होती.

मी मागे वळून पाहिलं. अनिता उठून बसली होती. केस कपाळावर, डोळे चोळत. मागे आणखी कोणी नव्हतं.

मग पुढून आवाज आला. धाड्. आणि लगेच पुन्हा. धाड्... धाड्... पत्रा चुरगळल्याचा, काच सांडल्याचा. कोणाचा तरी हॉर्न लागला तो लागूनच राहिला. आमच्यापासून लांब नव्हतं ते. दोनशे पावलं असेल-नसेल.

मी तसाच बसून होतो. ज्युलीने मागून लाल जॅकेट ओढून घेतलं, दार उघडलं आणि आम्ही आलो त्या दिशेला, वाळूतून धावत सुटली. जॅकेट डोक्यावर फिरवत, ओरडत. दोन गाड्या तिला न पाहताच पुढे गेल्या. तिसरी थांबली. मग तिच्यामागच्या थांबत गेल्या. जे काय वाचवायचं होतं ते माझ्या बायकोने वाचवलं. मी गाडीत बसून होतो. आमच्या पुढच्या त्या पिकअपचं काय झालं, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

गाडीत आम्ही दोघंच असताना अनिताने विचारलं, “डॅडी, व्हॉट डिड द अंकल से?”

“कोण अंकल, बेटा?”

“द अंकल. ही वोक मी अप.”

लाऊ गेले तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. घरी त्यांचं नाव निघत नसे. मी काढू द्यायचो नाही.

ज्युलीला काहीच ऐकू आलं नव्हतं. हेही सांगितलं पाहिजे. तिच्या मते मी काही न बोलता गाडी बाजूला घेतली, बस्.

त्या दुपारी, अनिता झोपल्यावर, मी ज्युलीला सगळं सांगितलं. आवाजाचं आधी, मग ड्रॉवरमधलं कार्ड काढून बाकीचं. ती भांडेल असं वाटलं होतं. ती कार्डावरचं अनिताचं नाव बोटाने पुसल्यासारखं करत राहिली.

“माझ्या वाढदिवसाला?” ती म्हणाली. “तो केक मी खाल्ला, टोनी.”

मग म्हणाली, “फोन कर. तू करणार नसशील तर मी करते.”

तरीही मला आठवडा लागला. पुढच्या शुक्रवारी सकाळची मिस्सा करून आलो आणि कार्डावरचा नंबर फिरवला. तिकडे दुपारचे चार वाजले असतील. एका बाईने उचलला. मिसेस लाऊ. तोडकं इंग्रजी, पण स्पष्ट. मी नाव सांगितलं. ओळखलं त्यांनी. “अबुधाबीचा टोनी. मासेवाला.”

“मिस्टर लाऊंशी बोलायचं होतं. महत्त्वाचं आहे.”

“ते बोलू शकत नाहीत.”

मला वाटलं, बोलायचं नाही असं म्हणताहेत. म्हणालो, “प्लीज मॅडम, पाच मिनिटं.”

“नाही नाही,” त्या म्हणाल्या. “ते इथेच आहेत. बोलू शकत नाहीत. नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं. गळ्याचा कॅन्सर. आवाजाची पेटी काढली. आवाज नाही आता.”

नोव्हेंबर. आणि आमचं धुकं जानेवारीतलं. मी जो आवाज ऐकला, तो त्या दिवशी जगात कुठेच नव्हता. ज्याचा होता त्याच्याकडेसुद्धा नव्हता.

“तुम्ही बोला,” मिसेस लाऊ म्हणाल्या. “मी फोन त्यांच्या कानाला लावते. ते लिहितील, मी वाचेन.”

मग मी बोललो. इंग्रजीत, अडखळत. बुधवार, केक, रजिस्टर, चिठ्ठी. सगळं. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, नाकातून येतो तसा नाही, बासरीत फुंकर नीट न बसल्यासारखा. मी थांबलो तरी तो श्वास चालूच होता. मग कागदाची खसखस. खूप वेळ.

मिसेस लाऊंनी फोन घेतला. त्या संकोचल्या होत्या. म्हणाल्या, “सॉरी, ते असं लिहितात... आत्ता सांगतोस? आत्ता, जेव्हा मला तुला शिव्या देता येत नाहीत?”

शेवटी धुक्याचंही सांगितलं. त्या शुक्रवारी सकाळी, त्यांच्या घड्याळात अकराच्या सुमारास, ते काय करत होते? माझी आठवण झाली होती का? झोपेत काही दिसलं होतं का? मला कसलंही उत्तर चाललं असतं.

पुन्हा कागद.

“ते म्हणतात, त्या वेळी क्लिनिकमध्ये गळ्यातली नळी साफ करून घेत होते. काही दिसलं नाही. तुझा विचार केला नव्हता.” मिसेस लाऊंनी पुढची ओळ वाचली. “ते म्हणतात, तुझा विचार न करायला मी शिकलो आहे.”

आणि मग, तिसऱ्या कागदावरचं — “मुलीला लागलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “नाही, सर.”

फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सगळं लेखी दिलं. नोकरी जाणार हे धरूनच दिलं. ज्युलीने बॅगाही माळ्यावरून काढल्या होत्या. त्याने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. “टोनी, हबीबी, बिल्डिंग हँडओव्हर झाली. मुलं शिकताहेत तिथे. आता कशाला हे? खलास.” लाऊंना एक पत्र तरी द्या, चूक तुमची नव्हती एवढं लिहा, असं मी म्हणालो. “इन्शाल्ला,” तो म्हणाला. ते पत्र कधीच निघालं नाही. माझी नोकरी गेली नाही, पगारही कापला गेला नाही. ज्या भीतीपायी मी एका माणसाला बुडवलं, ती अशी ड्रॉवरमध्ये जाऊन पडली. मग मी स्वतःच्या सहीने सगळं लिहून हाँगकाँगला पाठवलं. उत्तर आलं नाही. अपेक्षा करायचा हक्कही नव्हता.

माझे मित्र, ज्यांना मी हे सांगितलं, ते एकेक कारण सुचवतात. मनात अपराध होता, तोच बोलला. ठीक. मग अनिताला काय ऐकू आलं? तिचं स्वप्न असेल. असेल. पण दोघांना एकाच क्षणी? मी झोपेत बडबडायचो, तिने ऐकलं असेल. असेल बाबा, तेही असेल. आणि ‘यिन’चा सूर? तो माझ्या तोंडून कधीच आला नाही, मग माझ्या मनाने तो कुठून आणला? या प्रत्येकाला काहीतरी उत्तर निघतं. सगळ्यांना मिळून एक उत्तर अजून निघालेलं नाही. लाऊंनी मला वाचवलं, असं म्हणायची सोय त्यांनीच ठेवली नाही. मग त्यांचा आवाज कोणी वापरला? आणि माझ्यासाठी का? पुढे गेलेल्या त्या दोन गाड्यांमध्ये माझ्याहून बरी माणसं नक्की असतील.

२००१ मध्ये, एका शनिवारी दुपारी, घरचा फोन वाजला. मिसेस लाऊ. माझा नंबर त्या पत्रावर होता. लाऊ जाऊन चार महिने झाले होते, हे त्यांनी आधी सांगितलं. अशा वेळी जे म्हणतात ते मी म्हणालो. मला वाटलं, आता त्या मला ऐकवणार, आणि मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

त्या म्हणाल्या, “डॉक्टर ऑपरेशनच्या आधी म्हणाले होते, आवाज टेप करून ठेवा. हे नको म्हणाले. हट्टी होते. आमच्याकडे एकसुद्धा टेप नाही.”

“हो, मॅडम.”

“मी विसरत चाललेय. बोलणं आठवतं, आवाज आठवत नाही. साडेतीन वर्षं घरात नुसते कागद होते ना...” त्यांचा स्वर खाली गेला. “तुम्ही ऐकला म्हणालात. ऑपरेशनच्या नंतर ऐकला. म्हणजे शेवटी ऐकला तो तुम्ही. कसा होता? आधीसारखाच होता? मला सांगा.”

किचनच्या दारात ज्युली उभी होती. अनिता टेबलावर होमवर्क करत होती. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि सांगायला लागलो.

“घोगरा होता,” मी म्हणालो. “मध्येच जरा अडकला...”

“कुठे?” त्यांनी लगेच विचारलं. “कुठे अडकला?”